हत्तीचा डावा कान

उन्हाळी शिबिर घ्यायचं, चाळीस पोरं महिनाभर एका हॉलमध्ये बसवायची आणि त्यांना काहीएक शिकवायचं नाही, ही कला अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकाच बाईंना साधली होती. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहिते आहे. त्या शिबिरात मी सलग पाच उन्हाळे काढले आणि मला आजही सरळ रेघ मारता येत नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्यांपैकी एकालाही येत नाही. आमच्या गल्लीतली जी मुलं दुसऱ्या शिबिरांना गेली, ती मेच्या अखेरीस फुलदाणी, भेटकार्ड, नाहीतर भरतकाम केलेला रुमाल असा काहीतरी पुरावा घेऊन घरी आली. आम्ही कोपरापर्यंत रंगलेले हात घेऊन आलो, आणि आमच्या आयांनी आम्हाला उंबऱ्याबाहेरच अडवून सांगितलं, की कशाला हात लावू नका, सरळ मोरीत जा.

बाई एका मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत. शिकवत म्हणजे, वेळापत्रकात तसं लिहिलेलं असे. जून उजाडला की चित्रकलेचा तास गणिताकडे जायचा, दिवाळीनंतर विज्ञानाकडे, आणि जानेवारीत दहावीच्या नावाने उरलासुरलाही जायचा. बाईंच्या वाट्याला यायचं ते फळ्यावर सुविचार लिहिणं, स्नेहसंमेलनाच्या पडद्यावर कमळ काढणं आणि साहेब येणार असले की दारात रांगोळी. चित्रकलेचा तास म्हणजे सगळ्यांनी लुटायचं कोठार, असं समजणाऱ्या शिक्षणखात्याबद्दल मला पुष्कळ म्हणायचं आहे. ते मी इतरत्र म्हटलेलं आहे आणि पुन्हाही म्हणेन. इथे एवढंच सांगते, की बाई वर्षातले अकरा महिने रांगोळीवाल्या होत्या आणि एकच महिना शिक्षिका होत्या. तो महिना मे. पंचवटीतल्या एका ट्रस्टच्या धर्मशाळेचा हॉल त्यांना तेवढ्यापुरता फुकट मिळायचा, कारण त्याला पंखे दोनच होते आणि लग्नाची वऱ्हाडं तिथे टिकत नसत. तो हॉल गेला की बाईंचा एकुलता एक महिना गेला, हे बाईंना माहीत होतं, आम्हा पोरांनाही माहीत होतं. म्हणून हॉलच्या भिंतीला कुणी रंगाचं बोट लावलं तर आम्हीच त्याला धपाटे घालायचो.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा आठ वर्षांची होते. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. आईने मला तिथे धाडलं त्यात कलेचा काही संबंध नव्हता. घरी कुरडयांचा घाट चालला होता आणि मी गच्चीवरच्या ओल्या कुरडया वाळायच्या आत संपवत होते. हॉलच्या दारात बाई लोणच्याची रिकामी बरणी घेऊन उभ्या होत्या. उंच, सडपातळ, सुती साडी, आणि केसांत अडकवलेली पेन्सिल, जी त्या दिवसभर शोधत असत. मला वाटलं, खाऊ देणार. त्या म्हणाल्या, "खोडरबर टाक." मी टाकलं. "लपवलेलंपण." मी मोज्यातून स्ट्रॉबेरीच्या वासाचं काढून टाकलं. बाई बरणीचं झाकण लावत म्हणाल्या, "सुटलीस. आता चूक करायला मोकळी." महिनाअखेरीला ती बरणी पालथी केली जायची आणि ज्याला जे सापडेल ते तो न्यायचा. स्ट्रॉबेरीवालं मला पाचही वर्षांत परत मिळालं नाही. कुणी नेलं ते मला माहीत आहे, पण तो आता डॉक्टर झाला आहे, म्हणून गप्प बसते.

शिबिराचा एकच नियम होता, आणि तो असा भयंकर होता की त्यापायी दरवर्षी पहिल्या दिवशी पाच-सहा मुलं पळून जात. आम्ही सतरंज्यांवर गोल करून बसायचो. प्रत्येकापुढे एक कागद. चित्र काढायला लागायचं. अर्धा तास झाला, चित्रात आता कुठे जीव यायला लागला, की बाई स्टीलच्या ताटावर पळी वाजवायच्या आणि म्हणायच्या, "सरका." म्हणजे उठायचं, कागद तिथेच ठेवायचा, डावीकडच्या जागेवर जाऊन बसायचं आणि तिथे जे काही काढलेलं असेल ते पुढे न्यायचं. पुन्हा अर्ध्या तासाने ताट. पुन्हा सरका. चार-पाच दिवसांत सगळं वर्तुळ फिरून आपण आपल्या कागदापाशी यायचो. मी पहिल्या दिवशी आमचं घर काढलं होतं. दार, खिडकी, गच्ची, गच्चीवर कुरडया. तीन ताटांनंतर मी मान वळवून पाहिलं तर आमच्या घराच्या दारातून एक उंट आत चालला होता. मी भोकाड पसरलं. बाई आल्या, शेजारी मांडी घालून बसल्या. "काय झालं?" मी म्हटलं, "माझं घर." बाईंनी चित्र नीट पाहिलं. "उंट आलाय का घरी? मग रडतेस काय, त्याला चहा विचार." मी रडत रडत उंटापुढे कपबशी काढली. चौथ्या दिवसापर्यंत मला अशी चटक लागली, की ताट वाजायच्या आधीच शेजारच्याच्या कागदावर डोळा ठेवून मी ठरवून टाकायचे, याच्या विमानाला आपण शिंगं काढायची.

पालकांना हे पटणं शक्यच नव्हतं. एक वडील रीतसर भांडायला आले. म्हणाले, "माझ्या मुलाची प्रतिभा दुसऱ्याच्या कागदावर वाया जातेय." बाई म्हणाल्या, "अहो, आत्ताच सोडायला शिकू द्या. स्वतःच्या चित्राला कवटाळून बसणारी मुलं मोठेपणी सोसायटीची सेक्रेटरी होतात." ते गृहस्थ सोसायटीचे सेक्रेटरी होते. मुलगा मात्र येत राहिला, कारण त्याने हॉल सोडायला नकार दिला.

शेवटच्या दिवशी सगळी चित्रं सुतळीवर टांगली जायची. खाली नावं नाहीत. असणार कशी? आया आणि वडील सुतळीखालून माना वर करून हिंडायचे, लग्नात हरवलेली चप्पल शोधावी तसे. माझ्या आईने पहिल्या वर्षी बाईंना गाठून विचारलं, "आमच्या हिचं यातलं कुठलं?" दुसऱ्या कुणी काहीतरी दाखवून वेळ मारून नेली असती. बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला, सुतळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या, परत आल्या आणि एका हत्तीपुढे थांबून म्हणाल्या, "हा डावा कान." आई म्हणाली, "फक्त कान?" बाई म्हणाल्या, "बाकीच्या हत्तीकडे बघा आणि मग कानाकडे बघा." आईने तो हत्ती घरी आणला, स्वयंपाकघराच्या दारावर लावला, आणि पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांना त्याचा डावा कान दाखवला. उजवा कान ज्या मुलीचा होता तिची आई महिन्या-दोन महिन्यांनी आमच्याकडे यायची, हत्तीपुढे उभी राहायची, चहा घ्यायची आणि जायची. आमच्या दोन घरांचा घरोबा केवळ कानांमुळे झाला.

कौतुक करणं बाईंना जमत नसे. "छान" हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकलेला नाही. त्यांच्याकडे एक "हं" होतं. वरच्या पट्टीत सुरू होऊन खाली येणारं "हं" म्हणजे ठीक आहे. खालून वर जाणारं म्हणजे पुढे काय करणार आहेस. आणि एक अगदी लांब, नाकातून निघणारं "हं" होतं, ते वर्षातून फार तर एकदा यायचं, आणि ज्याला मिळालं त्याच्याभोवती मुलं गोळा होऊन विचारायची, की केवढं होतं, वाजवून दाखव. त्यांचं खरं वैर होतं ते देखाव्याशी. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, झोपडी आणि नारळाचं झाड, हा देखावा भारतातलं प्रत्येक मूल पोटातून शिकून येतं. कुणी तो काढायला घेतला की बाई त्याचा हात धरून त्याला गच्चीवर न्यायच्या. "दाखव." "काय?" "त्रिकोणी डोंगर." नाशिकचे डोंगर माथ्यावर सुरीने कापल्यासारखे सपाट आहेत, हे मला त्या गच्चीवर पहिल्यांदा दिसलं. तोवर मी आठ वर्षं त्यांच्याखाली राहत होते. एकदा तर त्यांनी आम्हा सहाजणांना रिक्षात कोंबून पुलावर नेलं, भर पुलावर रिक्षा थांबवली आणि विचारलं, "नदी कुठल्या रंगाची?" कुणी हिरवी म्हणालं, कुणी चहासारखी, कुणी म्हणालं, नदीच नाहीये. मागे हॉर्न वाजत होते. रिक्षावाला म्हणाला, "बाई, हवालदार येईल." बाई म्हणाल्या, "येऊ दे, त्याला काय दिसतं तेपण विचारू."

ठशांच्या दिवशी भाजी लागायची. ती आणायला बाई सकाळी बाजारात जात आणि पिशवी धरायला कुणालातरी नेत. एकदा मी होते. कोबीवाल्या मावशींपुढे बसून बाई म्हणाल्या, "अर्धा कापून दाखव." मावशींनी कापला. बाईंनी तो उजेडाकडे धरून पाहिला. "नको. आत फार गर्दी आहे." दुसरा कापायला लावला. "याचं वळण चांगलंय, पण मध्येच सोडून दिलंय." मावशींनी सुरी खाली ठेवली. "ओ बाई, कोबी खायला नेता का पोरगी बघायला आल्या? आता हे अर्धे अर्धे मी कुणाच्या गळ्यात घालू?" बाईंनी चारही अर्धे घेतले, वर भेंड्या घेतल्या, आणि जाताना मावशींना एका ओल्या अर्ध्याचा ठसा त्यांच्याच वहीवर उमटवून दिला. मावशी बराच वेळ बघत राहिल्या. "लय कोबी विकला," त्या म्हणाल्या, "पण हा असा असतो व्हय."

कागद विकत घेणं बाईंना पाप वाटे. जगात एका बाजूने छापलेला इतका कागद पडलेला असताना नवा का घ्यायचा, असा त्यांचा सवाल होता. त्या पाठकोऱ्या कागदांच्या मागावर असत. वकील, छापखाने, पतपेढ्या, मुंज झालेली घरं, कुणाला सोडलं नाही. त्यामुळे आमच्या मोरांच्या पाठीमागे नोटिसा असायच्या आणि वाघांच्या पाठीमागे सातबारे. एकदा एका मुलाचे वडील त्याचं गलबत घेऊन धावत आले, कारण गलबताच्या मागे त्यांच्याच भावाने त्यांच्यावर टाकलेल्या दाव्याची प्रत होती आणि ती त्यांना तोवर मिळालेली नव्हती.

पुढे मी कॉलेजात गेले, एका संघटनेत शिरले आणि पत्रकं लिहायला लागले. पाणीटंचाईवर, देणग्यांवर, फीवाढीवर. उन्हाळी शिबिरांच्या नव्या धंद्यावर मी तीन पत्रकं काढली. दोन हजार साल उलटलं तोवर नाशकात या धंद्याला ऊत आला होता. एकवीस दिवसांत आत्मविश्वास, पंधरा दिवसांत हस्ताक्षर, वर टोपी आणि टी-शर्ट. मुलांना जणू परीक्षेच्या दोन हंगामांमध्ये गॅरेजला लावायचं. हे सगळं मी लिहिलं आणि आजही त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. बाई माझ्या पत्रकांच्या सर्वांत निष्ठावान ग्राहक होत्या. गठ्ठाच मागायच्या. मला वाटायचं, विचार पटतात. एके दिवशी म्हणाल्या, "फीवाढीचा कागद चांगला जाड होता गं, रंग फुटत नव्हता. या महिन्यातला अन्याय फार पातळ आहे."

आणि त्याच सुमारास हॉलवर गदा आली. एका आत्मविश्वासवाल्या शिबिराने ट्रस्टकडे मे महिन्यासाठी हॉल मागितला. ते भाडं देणार होते, शिवाय आणखी चार पंखे. ट्रस्टचे अध्यक्ष देवळ्याकडचे कांद्याचे मोठे व्यापारी होते, सगळे त्यांना आप्पा म्हणत. माणूस वाईट नव्हता. बाईंच्या घरी स्वतः आले, मी तिथेच पत्रकांचा गठ्ठा द्यायला गेले होते. खुर्चीत बसून टोपी गुडघ्यावर ठेवत म्हणाले, "बाई, तुमचं काम लय चांगलं हाय. पण ते दिसत नाय. विश्वस्त मला विचारतात, इतक्या वर्षांत एक नंबर काढला का, एक बक्षीस दिलं का. माझ्याकडं उत्तर नाय." मी मध्ये तोंड घातलं. "मुलं काय कांदे आहेत का, नंबर लावायला?" आप्पा शांतपणे म्हणाले, "पोरी, कांद्याला नंबर नाय, प्रत असते." मग बाईंकडे वळले. "एक स्पर्धा घ्या. एकच. पहिला, दुसरा, तिसरा काढू, पेपरात फोटो येईल, मी विश्वस्तांपुढं ठेवीन. हॉल तुमचाच राहील बघा." बाईंनी त्यांच्या गुडघ्यावरच्या टोपीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "घेते."

मी पेटून उठले. त्या रात्रीच 'चित्रकलेचा घोडेबाजार थांबवा' या मथळ्याचं पत्रक लिहिलं. मुद्दे इतके होते की एका बाजूवर मावेनात, म्हणून दोन्ही बाजूंनी छापलं. दोन हजार प्रती. दुसऱ्या दिवशी ऊर भरून गठ्ठा बाईंपुढे ठेवला. बाईंनी वरची प्रत उचलली, पालटली, पुन्हा पालटली. खालची काढली, पालटली. मी त्यांना इतकं दुखावलेलं कधी पाहिलं नव्हतं. "दोन्हीकडून?" त्या म्हणाल्या. "अगं, मग पोरं काढणार कुठे?" मी म्हटलं, "बाई, तुमच्या हॉलसाठी लिहिलंय." त्या म्हणाल्या, "ते कळलं. पण निम्म्यातच भागलं नसतं का?" शेवटी मुलांनी समासात मुंग्या काढल्या. दोन हजार पत्रकांच्या चारही बाजूंनी मुंग्या. पंचवटीत ती वाटली तेव्हा लोकांनी मजकूर सोडून मुंग्याच पाहिल्या. मग दुसऱ्या कुणाची मुंगी वेगळी आहे का ते बघायला एकमेकांची पत्रकंही मागून घेतली.

स्पर्धेच्या सकाळी बाईंनी ताट आणलं नव्हतं. पळी तेवढी सवयीने पिशवीत आली होती. त्यांनी मुलांना सांगितलं, "आज कुणी सरकायचं नाही. आज ज्याचा कागद त्याचा. अडीच तास. विषय, माझा आवडता सण." मुलांनी माना डोलावल्या. आप्पा आणि दोन विश्वस्त ओसरीवर चहा घेत होते, टेबलावर तीन चषक होते, आणि पेपरचा फोटोग्राफर खिडकीतून मुलांच्या माना मोजत होता. मी दाराशी उभी होते. मी बाईंना विचारलं, "हे तुम्हाला चालतंय?" त्या म्हणाल्या, "एक दिवस गं. एका दिवसाने काय होतं? पुढची सगळी वर्षं मिळतील." आणि मी खरं सांगते, मला प्रथमच वाटलं की त्यांचं बरोबर आहे.

अर्धा तास गेला. ताट वाजलं नाही. पण जे मूल तीन आठवडे रोज अर्ध्या तासाने उठतं, त्याच्या पोटात घड्याळ तयार होतं. आधी एका मुलीने डावीकडे पाहिलं. मग तिच्या शेजारच्याने. मग सगळ्या हॉलभर माना डावीकडे वळल्या. आणि चाळीसच्या चाळीस मुलं एकदम उठली, एक जागा सरकली, बसली आणि शेजारच्याच्या सणात रंग भरायला लागली. मी बाईंकडे पाहिलं. त्यांचा हात वर गेला होता, थांबवायला. तोंड उघडलं होतं. एक शब्द पुरला असता. त्यांनी मुलांकडे पाहिलं, ओसरीवर बसलेल्या आप्पांच्या आणि विश्वस्तांच्या टोप्यांकडे पाहिलं, आणि हात हळूच खाली घेऊन केसांतली पेन्सिल चाचपली. मग नाकातून एक "हं" निघालं. माझ्या आयुष्यात ऐकलेलं सगळ्यात लांब.

चार सरका झाल्या आणि वेळ संपली. आप्पा आत आले. त्यांनी चित्रं कांद्यासारखीच वेगळी केली, तीन ढिगांत, हात भराभर चालले होते. "हा मोठा माल. हा मध्यम. ही गोल्टी." बारक्या कांद्यांच्या ढिगात गेलेल्या मुलांनी काही मनाला लावून घेतलं नाही, कारण मोठ्या मालातही त्यांचे तुकडे होते. शेवटी आप्पांनी एक कागद उचलला. लग्नाची वरात होती, आणि नवरदेवाच्या घोड्याला सहा पाय होते. विश्वस्त म्हणाले, "पाय जास्त झालेत." आप्पा म्हणाले, "म्हणूनच पळतोय तो." मग मोठ्याने विचारलं, "हे कुणी काढलं? पुढं ये." सगळा हॉल उभा राहिला. आप्पा म्हणाले, "एकानं या रे." कुणी बसेना. एक मुलगी म्हणाली, "मागचे दोन पाय माझे." "मधले माझे." "पुढचे माझे आणि लगाम." एक बारकं पोरगं म्हणालं, "शेपूट माझी होती, पण आता तिच्यावर फटाका आलाय." "फटाका माझा." मागून कुणीतरी म्हणालं, "मी अजून काढलं नाही, पण मी पुढच्या सरकेला होतो." आप्पांनी चित्र हातात तसंच धरून विचारलं, "बाई, मग फलकावर नाव कुणाचं लिहू?"

बाई म्हणाल्या, "घोड्याचं लिहा."

आप्पा इतके हसले की त्यांना बसावं लागलं. त्यांचं पोट हलत होतं आणि मांडीवर घोडा हलत होता. पण शेजारी बसलेले दोन विश्वस्त हसले नाहीत. फोटोत चाळीस मुलं एका चषकाला लटकलेली आहेत आणि त्याचा एक कान निघालेला आहे. उरलेल्या दोन चषकांत दुपारी मुलांनी कुंचले धुतले.

आठवडाभराने आप्पा बाईंच्या घरी आले, हातात कांद्यांची गोणी. गोणी कोपऱ्यात ठेवून उभेच राहिले. "माझं मत तुमच्याकडंच पडलं बाई. पण एका माणसाला एकच मत असतं." बाई म्हणाल्या, "घोडा कुठे ठेवलात?" आप्पा म्हणाले, "आडतीवर लावलाय, गादीच्या वर. लोक पाय मोजतात." मी तिथेच होते, आप्पांना खूप बोलले. मोर्चा काढू म्हटलं, हॉलपुढे बसू म्हटलं. बाई म्हणाल्या, "पोरांना उन्हात बसवणार तू?" तेवढ्यावर तो मोर्चा मोडला. स्पर्धेच्या दिवशी मुलांना थांबवलं का नाहीत, हे मी बाईंना विचारलं नाही. त्यांनी थांबवलं असतं तर हॉल राहिला असता आणि पुढे त्यात बाई कुठल्या तोंडाने ताट वाजवणार होत्या, हा प्रश्न मी स्वतःला विचारला, आणि संघटनेत शिकलेलं कुठलंही उत्तर त्याला लागू पडेना.

पुढचे दोन उन्हाळे बाईंनी भाजीबाजाराच्या शेडमध्ये काढले, दुपारी लिलाव उठल्यावर. तिथे बकऱ्यांनी एक अख्खी दिवाळी खाल्ली. मग बाई निवृत्त झाल्या आणि कळवणला भावाकडे राहायला गेल्या. मी पेठ-सुरगाण्याच्या बाजूला कामाला लागले, जाऊ जाऊ म्हणत राहिले आणि चार वर्षं गेली.

गेले तेव्हा मे महिना होता. बाई ओट्यावर एकट्याच बसल्या होत्या, मांडीवर वर्तमानपत्र, पण ते वाचत नव्हत्या. केस सगळे पांढरे झालेले. मी बोलतच सुटले. आमच्याकडची आश्रमशाळा, बाकांचा प्रश्न, अधिकारी कसे फिरकत नाहीत. त्या ऐकत होत्या आणि मधून मधून रस्त्याकडे बघत होत्या. मी विचारलं, "इथे मुलं येतात का?" म्हणाल्या, "चार वाजता येतात. कधी येतात, कधी नाही. लग्नं आहेत ना सध्या. काही कांदे भरायला जातात." मला पावणेपाचची एसटी गाठायची होती. चार वाजले. सव्वाचार झाले. उन्हाने समोरची भिंत पांढरीफेक पडली होती आणि रस्त्यावर कुणी नव्हतं. मी पिशवी उचलली, पुन्हा ठेवली. म्हटलं, पुढची गाडी असेल. बाई म्हणाल्या, "साडेसहाला आहे एक."

पाच वाजायला आले तेव्हा फाटकाची कडी वाजली. दोन डोकी दिसली, मागे तिसरं. मला पाहून ती तिथेच थबकली. मी त्यांना काहीतरी बोलणार, एवढ्यात बाईंनी पदराने चष्मा पुसला आणि माझ्या हातावर हात ठेवला.

"तू जरा गप्प बस हं आता," त्या हळूच म्हणाल्या. "तुला बघून ती लाजतायत."

मी गप्प बसले.